भाजक न शोधता मूळ संख्या ओळखणे: लुका यांची १८७६ ची कसोटी

प्रोग्रॅमिंगच्या तासाला 'दिलेली संख्या मूळ आहे का?' असे विचारले, की बहुतेक विद्यार्थी एकच लूप लिहितात: २ पासून वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागून पाहायचे. मग मी फळ्यावर ही संख्या लिहितो:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

ही ३९ अंकी संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १. सेकंदाला एक अब्ज भागाकार केले तरी त्या लूपला ४०० हून अधिक वर्षे लागतील. तरीही फ्रेंच गणिती एदुआर लुका यांनी १८७६ मध्ये हाताने आकडेमोड करून ती मूळ असल्याचे दाखवले. हे कसे शक्य झाले?

१६४४ मध्ये मारँ मर्सेन यांनी '२ चा घात वजा १' या रूपातील मूळ संख्यांचे घात सांगितले होते. त्यांच्या यादीत ६७ आणि १२७ हे दोन्ही घात होते, पण सिद्धता नव्हती.

लुका यांनी भाजक शोधलेच नाहीत. त्यांची रीत घात ७ घेऊन, म्हणजे १२७ या संख्येवर, करून पाहू. ३ पासून सुरुवात करा. दर वेळी वर्ग करून २ वजा करा आणि १२७ ने भागून बाकी घ्या:

३, ७, ४७, ४८, १६, ०

घातापेक्षा दोनने कमी, म्हणजे ५ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली. म्हणून १२७ मूळ आहे. (३ पासूनची ही सुरुवात ज्या मूळ घाताला ४ ने भागून ३ उरतात, त्यांनाच चालते.) यात भागाकारही टाळता येतो. ४७ चा वर्ग वजा २ म्हणजे २२०७, म्हणजेच १७ × १२८ + ३१. बाकी झाली १७ + ३१ = ४८. द्विमान पद्धतीत ही नुसती बेरीज आहे.

घात १२७ साठी अशा १२५ पायऱ्या लागतात. लुका यांच्या सिद्धतांतील उणिवा पुढे डी. एच. लेहमर यांनी भरून काढल्या. १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे, ही ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

घात ६७ बाबत मात्र मर्सेन चुकले होते. ती संख्या मूळ नाही, हेही लुका यांनी १८७६ मध्येच दाखवले. पण तिचे भाजक त्यांना माहीत नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

म्हणजे 'संख्या मूळ आहे का?' आणि 'तिचे भाजक कोणते?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला सोपा आणि दुसरा अवघड, या अंतरावरच आजची आरएसए कूटपद्धती उभी आहे.

स्वाध्याय: घात ११ घेऊन २०४७ वर हीच रीत वापरा. शेवटची बाकी शून्य येत नाही, म्हणजे संख्या मूळ नाही. पण २३ आणि ८९ हे तिचे भाजक या आकडेमोडीत कुठे दिसतात का, ते पाहा.