कालबाह्य संगणक-जाळ्यांच्या केबलींचे सुटे भाग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास मांडताना प्रामुख्याने प्रोसेसर, स्मृतिक्षमता व सॉफ्टवेअर यांच्या प्रगतीचा विचार केला जातो. संगणकांना परस्परांशी जोडणारी केबल मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. प्रयोगशाळेतील मापनयंत्रे व कारखान्यांतील यंत्रसामग्री दोन-तीन दशके चालू शकते; तिच्याशी जोडलेल्या नेटवर्कचा काळ त्याआधीच संपतो. अशा वेळी सुस्थितीतील महागडे यंत्र केवळ एका लहानशा जोडणीअभावी निकामी ठरण्याचा धोका असतो. जुन्या केबलींचे कोणते भाग आजही मिळतात, कोणते मिळत नाहीत आणि का, या प्रश्नाचा येथे ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

जाड व पातळ केबलचा कालखंड

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये मांडली. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या इथरनेटचा संयुक्त आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर आधारित ८०२.३ हे मानक आयईईई या संस्थेने १९८३ मध्ये संमत केले. या पहिल्या पद्धतीत, म्हणजे ‘१०बेस५’ मध्ये, जाड कोएक्सिअल केबल वापरली जाई. तिची सलग लांबी ५०० मीटरपर्यंत असे व तिच्यावर १०० पर्यंत जोडण्या करता येत. केबल न तोडता तिच्या आवरणातून अणकुचीदार पिन आतील तारेपर्यंत नेणाऱ्या जोडणीस ‘व्हॅम्पायर टॅप’ असे नाव पडले.

ही केबल महाग व वळवण्यास कठीण होती. म्हणून १९८५ मध्ये ‘१०बेस२’ ही पातळ केबलची पद्धत पुढे आली. तिची मर्यादा १८५ मीटर व ३० जोडण्या इतकी होती. प्रत्येक संगणकापाशी टी-कनेक्टर, तारेच्या टोकांना बीएनसी कनेक्टर आणि संपूर्ण केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओमचा टर्मिनेटर अशी तिची रचना होती. टर्मिनेटर निघाल्यास संदेश मोकळ्या टोकावरून परावर्तित होई आणि सर्वच संगणकांचा संपर्क बिघडे. सर्वांत स्वस्त भागावर संपूर्ण जाळे अवलंबून असे.

१९९० मध्ये ‘१०बेस-टी’ हे मानक आले. प्रत्येक संगणकापासून हबपर्यंत स्वतंत्र पिळाच्या तारा गेल्यामुळे बिघाड एका संगणकापुरता मर्यादित राहू लागला आणि कोएक्सिअल केबलीची पीछेहाट सुरू झाली.

टोकन रिंगचे उदाहरण

आयबीएमने १९८४ मध्ये स्वतःची केबल-पद्धती व १९८५ मध्ये टोकन रिंग हे नेटवर्क बाजारात आणले. तिचा कनेक्टर अभियांत्रिकीच्या दृष्टीने सरस होता. त्यात नर-मादी असा भेद नव्हता. कोणतेही दोन कनेक्टर एकमेकांत बसत. तो काढून घेतल्यास त्यातील तारा आपोआप आपसांत जोडल्या जात आणि वर्तुळ अखंड राही. तथापि, हा कनेक्टर व त्यासोबतची १५० ओमची जाड आवरणयुक्त केबल यांना अन्य व्यवसायांत स्थान मिळाले नाही. इथरनेटने बाजारपेठ जिंकल्यावर या भागांची मागणी आटली. आज ते मुख्यतः जुन्या साठ्यांतून वा मोडीत निघालेल्या सामानातूनच शोधावे लागतात.

सुट्या भागांच्या आयुष्याची कारणे

याउलट बीएनसी कनेक्टर आजही सहज मिळतो. याचे श्रेय संगणकाकडे जात नाही. रेडिओ संदेशवहन, मापनयंत्रे व व्हिडिओ या क्षेत्रांत तो संगणक-जाळ्यांच्या आधीपासून वापरात होता व पुढेही राहिला. पातळ केबलशी साधर्म्य असलेली ५० ओमची आरजी-५८ केबलही रेडिओच्या क्षेत्रामुळे टिकली. व्हॅम्पायर टॅप मात्र एका विशिष्ट जाडीच्या केबलसाठीच घडवलेला असल्याने त्या केबलबरोबरच लोपला.

ही उपलब्धता फसवीही ठरू शकते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठेत सीसीटीव्हीसाठी विकले जाणारे बीएनसीचे सामान साधारणतः ७५ ओमचे असते. ते जुन्या जोडणीत घट्ट बसते. परंतु विद्युत्‌दृष्ट्या न जुळल्याने तेथे संदेशाचे अंशतः परावर्तन होते. केवळ आकार पाहून खरेदी करणे म्हणूनच पुरेसे नसते.

दुसरे कारण मानकातील सीमारेषांत आढळते. मूळ इथरनेटमध्ये संगणक व केबल यांच्यामध्ये एयूआय हा १५ पिनांचा स्वतंत्र दुवा ठेवलेला होता. त्यामुळे एयूआय असलेल्या जुन्या यंत्रास जाड केबलची गरज उरत नाही. ‘१०बेस-टी’चा लहान ट्रान्सीव्हर लावून ते पिळाच्या तारेवर आणता येते. आजचे अनेक स्विच सेकंदाला १० मेगाबिटचा वेग अजूनही स्वीकारतात. केबल बदलली तरी यंत्र वाचावे, अशी सोय मूळ आराखड्यातच झालेली होती.

समारोप

सारांश, सुट्या भागाचे आयुष्य त्याच्या तांत्रिक गुणवत्तेपेक्षा तो किती व्यवसायांत वापरला जातो आणि त्याचे मानक किती खुले आहे यावर अधिक अवलंबून असते. आयबीएमचा कुशलतेने घडवलेला कनेक्टर दुर्मीळ झाला आणि साधा बीएनसी टिकला, हे त्याचे बोलके उदाहरण होय. आयईईईने ‘१०बेस५’ २००३ मध्ये व ‘१०बेस२’ २०११ मध्ये नव्या उभारणीसाठी कालबाह्य ठरवले. परंतु त्यांवर अवलंबून असलेली यंत्रे त्या तारखांना थांबली नाहीत. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील जुने सामान मोडीत काढताना हा धडा ध्यानात घेणे आवश्यक आहे. जो भाग अन्य कोणत्याही व्यवसायात वापरला जात नाही, तो प्रथम जपून ठेवावा. कारण जो सर्वत्र मिळतो तो उद्याही मिळण्याची शक्यता अधिक असते.