पांढरीतले बैल

काळी आणि पांढरी यांतला फरक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे गावठाणाची. भिंती पडाव्यात, चुलीची राख साचावी, त्यावर पुन्हा नवं घर उठावं, अशी ही पांढरी शतकानुशतकं चढत जाते. नांदेड-लातूरकडे माळवदावर घालायला लोक हीच माती खणून नेत आले. त्या खणण्यात कधी खापरी निघते, कधी मातीचा बैल निघतो. पोरं खेळायला घेतात आणि दोन दिवसांत त्याचे तुकडे होतात.

असा बैल किती जुना असू शकतो, हे पाहायचं तर लातूरच्या शेजारी तेरला जावं. हे गाव धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी आहे. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत दोन्ही एकाच जिल्ह्यात होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या व्यापारी माहितीपुस्तकात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर असल्याची नोंद आहे. तिथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जाई. हे तगर म्हणजे आपलं तेर, असं १९०१ साली फ्लीट या विद्वानाने मांडलं. पुढे १९५८ साली चापेकरांनी तिथे उत्खनन केलं.

पण तेरची माती वाचवली ती आधी एका गावकऱ्याने. रामलिंगप्पा लामतुरे यांनी टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू जमवल्या, जपून ठेवल्या. आज तेरच्या शासकीय संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. त्यांना हा नाद नसता, तर यातलं कितीतरी माळवदांवर गेलं असतं!

तिथल्या सातवाहनकालीन मूर्ती नीट पाहा. काही भाजलेल्या तांबड्या मातीच्या, काही केओलिन या पांढऱ्या मातीच्या. पुढचा एक साचा, पाठीचा एक. दोन्हींत माती दाबायची, दोन अर्धं एकमेकांना जोडायची. आत पोकळी राहते. ती हवीच, कारण भरीव जाड माती भट्टीत तडकते. स्त्रियांच्या मूर्तींत केसांची ठेवण, कानांतली भूषणं अशी काही बारकाईने काढली आहेत की पाहत राहावं. तरी मला विचाराल तर हाताने वळलेली जनावरंच अधिक जिवंत वाटतात. बैलाचं वशिंड दोन चिमटींत उभं राहतं. ज्याने रोज बैल पाहिला त्यालाच हे जमायचं. आपल्याकडे पोळ्याला पुजायचे मातीचे बैल याच जातीचे.

त्या काळची भांडीही हातात घेण्यासारखी. बाहेरून तांबडी, आतून काळी. हा रंग वरून दिलेला नव्हे. भट्टीत भांडं पालथं ठेवलं की आत वारा पोचत नाही आणि धुराचा कोळसा मातीत मुरतो. बाहेरच्या अंगाला वारा लागतो, ते तांबडं होतं. कोळशाची ही करामत अजिंठ्याच्या चित्रकारालाही ठाऊक होती. त्याचा काळा रंग म्हणजे दिव्याचं काजळ.

तेर हेच संत गोरा कुंभारांचंही गाव. सातवाहनांनंतर हजार वर्षं उलटली तरी तिथलं चाक फिरतच होतं.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, एवढं करा. मुलाने शाळेत खापरी किंवा मातीचं जनावर आणलं, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका. कुठल्या शेतात, किती हात खोल मिळालं, ते वहीत लिहून ठेवा. मुलांना चुलीतला कोळसा देऊन त्याचं चित्र काढू द्या. फुटलेली कडाही काढायला सांगा. आणि वस्तू बरीच निघू लागली, तर खणणं थांबवायला सांगून तहसील कचेरीत वर्दी द्या.