पांढऱ्या लुगड्याची हकीकत

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या सकाळी, नागपुरातील व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर जो लक्षावधींचा समुदाय डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग बौद्ध झाला, त्याने कोणता धर्म टाकला आणि कोणता घेतला, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या समुदायाच्या अंगावर काय होते, याकडे इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळते.

त्या समुदायात बहुसंख्य महार होते; आणि महार स्त्रीचे लुगडे कोठवर उतरावे, तिच्या गळ्यात कोणत्या धातूचा दागिना असावा, याची ताकीद दप्तरात शोधण्याचे कारण नव्हते. गावचा डोळा हाच त्या ताकिदीचा अंमलदार होता. पोटरीवर खोचलेले लुगडे आणि कथलाचे दागिने पाहताच जात ओळखावी, आणि ओळखून दूर व्हावे. गंमत अशी की, नागपूर प्रांतातील कित्येक महार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणूनच पोट भरीत (रेशीमकाठी लुगडी कोष्ट्यांच्या मागावरची). आणि १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर पुढे त्यांच्यातलेच असंख्य हात गिरणीच्या यंत्रांवर राबले. वस्त्र त्यांच्या हातचे, ते नेसण्याची मुभा मात्र इतरांच्या मर्जीची!

२७ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे, मनुस्मृतीच्या दहनानंतर दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची ही खूण पुसून टाकण्यास, वरिष्ठ वर्गातील स्त्रियांप्रमाणे घोट्यापर्यंत लुगडे नेसण्यास सांगितले. आणि त्यांचे सवर्ण सहकारी चित्रे व टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना ते नेसून दाखवले. येथे माझे मन किंचित अडखळते. नेसण्याची रीत वरिष्ठांकडून घेतलेली, आणि उपदेश करणारा पुरुष. यात त्या स्त्रियांची स्वतःची निवड कितीशी? तथापि जिला आजवर नेसण्याची एकच रीत ठाऊक होती, तिला दुसरी रीत हाती लागणे हाच निवडीचा प्रारंभ असतो, हेही नाकारता येत नाही. पुढे २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेत स्त्रियांनी घटस्फोटाचा अधिकार आणि बहुपत्नीत्वाची बंदी मागितली, तेव्हा बोलणे लुगड्याच्या काठापाशी थांबले नव्हते.

छपन्न साली शुभ्र वस्त्रे नेसून येण्याचे आवाहन होते, आणि शहरातील दुकानांतले पांढरे कापड संपल्याची आठवण जुनी माणसे अजून सांगतात. पांढरे लुगडे हे सवाष्णीचे नव्हे, असा ज्या मुलखातल्या अनेक घरांचा संकेत, तेथे कपाळी कुंकू असलेल्या स्त्रिया शुभ्र वस्त्रात मैदानावर आल्या. स्वतः बाबासाहेबही पांढऱ्या रेशमी धोतरात आणि पांढऱ्या कोटात होते.

त्याच मैदानावर, म्हणजे आताच्या दीक्षाभूमीवर, दसऱ्याला आजही पांढऱ्या साड्यांची दाटी होते. पण तिच्यातून निळ्या काठाचे लुगडे, रंगीत सलवार-कमीज आणि जीन्सही वाट काढीत जातात, आणि वाटेत कोणी कोणाचा पदर मोजीत नाही.