दाताखालचे सतरा टक्के

धान वाळला की नाही, हे मला आधी कानाने शिकवले गेले. गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये पोऱ्या म्हणून लागलो तेव्हा तिथले म्हातारे मिस्त्री पोत्यातले चार दाणे काढून दाढेखाली धरायचे. ‘कट्’ झाले तर माल आत. दाणा नुसता चेपला तर गाडी परत, नाहीतर भावात कापणी. मला म्हणायचे, “बाबू, चव नको घेऊ. दाढेनं आईक.”

या ऐकण्यावर पैसा उभा होता. २० टक्के पाणी असलेला १०० क्विंटल धान १४ टक्क्यांवर आणला की ९३ क्विंटल भरतो. उरलेले सात क्विंटल हवेत जातात. ते शेतकऱ्याच्या खिशातून जायचे की मिलवाल्याच्या, यावरच सारी हुज्जत. शिवाय ओला दाणा यंत्रात चेपतो, अतिवाळला तर फुटतो आणि तांदळाऐवजी कनकी पडते. उन्हाळी धानाचे तर विचारू नका. मे महिन्याच्या उन्हात कापलेल्या दाण्याला आतल्या आतच तडे जातात. सरकारी भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो, आणि उन्हाळी धानात तेवढा उतारा पडत नाही ही आमच्याकडच्या मिलवाल्यांची तक्रार जुनीच आहे. या एका बाबतीत मला ते खरे वाटतात. बाकीच्या तक्रारींचे नंतर कधीतरी.

दाढेच्या जागी यंत्र आणायचा खटाटोप मात्र फार लांब, अमेरिकेच्या कृषी खात्यात सुरू झाला. ब्राउन आणि डुव्हेल या दोघांनी १९०७ मध्ये धान्य तेलात तापवून, निघालेली वाफ थंड करून पाणी मोजायची रीत छापली. पुढच्याच वर्षी लायमन ब्रिग्ज यांनी गव्हातून वीज सोडून पाहिली. पाणी जरासे वाढले की विजेला होणारा अडथळा कितीतरी पटींनी घटतो, हे त्यांनी दाखवले. (१९३९ मध्ये रूझवेल्ट यांनी युरेनियमची समिती नेमली तिचे अध्यक्ष हेच ब्रिग्ज. ओल मोजणारा माणूस म्हणून कोणी त्यांना ओळखत नसेल.)

मी पुढे मिल सोडून एका धान खरेदी केंद्रावर ग्रेडर झालो. आमच्या जिल्ह्यात ही खरेदी मार्केटिंग फेडरेशन करते आणि देवरीसारख्या आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ. तिथे ब्रिग्ज यांच्याच कुळातले मीटर हाती आले: डबीत मूठभर दाणे, वरून स्क्रू पिळायचा, आकडा वाचायचा. कमाल १७. साडेसतराला ‘कट्’ आवाज येत असला तरी माल बाहेर.

एका नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, शेतात कडपा भिजल्या. सालेकशाकडच्या एका शेतकऱ्याचा धान सकाळी १८.६ भरला. ते म्हणाले, “साहेब, ताडपत्रीवर पसरवतो, सांजेपर्यंत थांबा.” तीन वाजता मीटरने १६.४ दाखवले. मी माप घेतले, पोती शिवली, थप्पी लावली. आठ दिवसांनी थप्पीत हात घातला तर मधली पोती कोमट. वास आंबूस. चूक माझी होती, मीटरची नव्हे. दाण्याला वर तूस, त्याखाली कोंड्याचा पापुद्रा, आत घट्ट गर. ऊन आधी वरचे पाणी ओढते. गरातले पाणी बाहेर यायला रात्र जावी लागते. उन्हातून उचललेला दाणा मीटरला वरून कोरडा लागला, एवढेच. सकाळच्या दवात नेमके उलटे होते, आकडा फुगतो आणि नुकसान शेतकऱ्याचे. त्यानंतर मी ताडपत्रीवरचा धान लगेच मोजला नाही. पोत्यात भरायला लावायचो, दुसऱ्या दिवशी परखी खुपसून मधला दाणा काढायचो. लोक शिव्या द्यायचे, द्यायलाच हव्यात. रात्रभर राखण त्यांना करावी लागायची.

हे सगळे माझ्या आईला मीटरशिवाय माहीत होते. आमच्या घरी बांबूची ढोली होती, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. धान भरताना आई थराथरात कडुलिंबाचा वाळका पाला घालायची. किड्यांसाठी, असे मला वाटायचे. पण पावसाळ्यात ती कोपरापर्यंत हात घालून तोच पाला बाहेर काढी आणि चुरून पाही. पाला चुरला तर ठीक. वाकला, लवला, की दुसऱ्या उघडिपीला सगळी ढोली अंगणात. ती दाणा तपासतच नव्हती, दाण्यांमधली हवा तपासत होती.

आता कार्बनच्या धाग्यांचे थर राळेत बसवून विमानांचे भाग करतात. त्या राळेतही ओल मुरते आणि ती कळावी म्हणून थरांमध्येच सेन्सर पुरून पाहतात. बांबूची वीण आणि शेणमातीचा लेप यांची ढोली त्याच जातीची, फक्त तिच्यातला सेन्सर लिंबाचा होता.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी मोकळ्या धानासाठी लोखंडी कोठी बसवली. आत वायर सोडायची, वायरीला गाठीगाठीने सेन्सर, आकडे मोबाइलवर. हे सेन्सरही हवाच मोजतात: साधारण १४ टक्के पाण्याच्या धानात अडकलेल्या हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असते, त्यावरून दाण्याचा हिशेब. तीन सेन्सर भिंतीलगत लावून झाले होते. चौथा हातात घेऊन तो म्हणाला, “मामा, हा खाली तळाला टाकू? ओल खालूनच येते ना?”

मी म्हटले, ढोलीत खालून येते, तिचे बूड जमिनीला असते. लोखंडी कोठीच्या भिंती थंडीच्या रात्री गारठतात, मधला धान ऊबदार राहतो. ती उबेची हवा वर चढते आणि वरच्या गार थराला पाणी सोडते. बरोबर मध्यभागी, वरून हातभर खाली लाव.

त्याने बांबूला वायर बांधली आणि शिडी चढला.