कॉन्ट्रास्ट द्रव्ये : सुरक्षित वापर

कॉन्ट्रास्ट द्रव्ये : सीटी स्कॅन, ॲंजिओग्राफी, एमआरआय यांसारख्या तपासण्यांत शेजारशेजारच्या मऊ ऊतींमधील व रक्तवाहिन्यांमधील फरक चित्रात ठळक उमटावा म्हणून शिरेतून किंवा धमनीतून टोचली जाणारी औषधे. बोलण्यात त्यांना ‘डाय’ म्हटले जात असले तरी ती रंग नव्हेत. ती पाण्यासारखी स्वच्छ द्रावणे असतात. क्ष-किरणांच्या तपासण्यांसाठी आयोडीनयुक्त द्रव्ये वापरतात, कारण आयोडीनचा जड अणू (अणुक्रमांक 53) क्ष-किरण अडवतो. एमआरआयसाठी गॅडोलिनियम (अणुक्रमांक 64) या धातूची संयुगे वापरतात. ती पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे चुंबकीय वर्तन बदलतात.

आयोडीनचा हा उपयोग प्रथम योगायोगाने लक्षात आला. उपदंशाच्या रुग्णांना सोडियम आयोडाइड दिले असता त्यांचे मूत्राशय क्ष-किरण चित्रात दिसते, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये 1923 मध्ये आढळले, आणि 1929 मध्ये मोझेस स्विक यांनी बर्लिनमध्ये मूत्रपिंडांच्या चित्रणासाठी युरोसिलेक्टान हे शिरेतून द्यायचे आयोडीनयुक्त संयुग वापरात आणले. याच सुमारास पुढे आलेले थोरोट्रास्ट हे थोरियम डायऑक्साइडचे द्रव्य चित्रे उत्तम देई व तत्काळ त्रासही फारसा करीत नसे. परंतु ते यकृतात कायमचे साठून किरणोत्सर्ग करीत राहिले आणि त्यातून पुढे कित्येक वर्षांनी अनेकांना कर्करोग झाला. टोचल्यावर काही होत नाही एवढ्यावरून कॉन्ट्रास्ट सुरक्षित ठरत नाही, ते शरीराबाहेर पडते की नाही हेही पाहावे लागते, ही जाणीव वैद्यकाला या अनुभवातून झाली.

सुरक्षिततेतील सर्वांत मोठी सुधारणा परासरण दाबाशी निगडित आहे. रक्ताचा परासरण दाब किलोग्रॅममागे सुमारे 290 मिलिऑस्मोल असतो. जुन्या आयनी, म्हणजे द्रावणात विघटणाऱ्या, द्रव्यांचा तो 1500 च्या वर असल्याने ती टोचताच तांबड्या पेशींतील व रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पाणी बाहेर ओढले जाई, आणि रुग्णाला दाह, वेदना व उलटी होई. द्रावणात न विघटणारा रेणू बनवल्यास हा दाब निम्म्यावर येईल, अशी कल्पना स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ टॉर्स्टेन अल्मेन यांनी 1969 मध्ये मांडली, व तिच्यातूनच पुढे आयोहेक्सॉलसारखी आजची अनायनी द्रव्ये आली. जपानमधील 3,37,647 तपासण्यांच्या, 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयनी द्रव्यांनंतर 12.66 टक्के, तर अनायनी द्रव्यांनंतर 3.13 टक्के प्रसंगी प्रतिक्रिया आढळल्या. गंभीर प्रतिक्रियांचे प्रमाण अनुक्रमे 0.22 व 0.04 टक्के होते. किंमत जास्त असूनही अनायनी द्रव्यांचा आग्रह धरणे योग्य ठरते, ते या आकड्यांमुळे.

मध्य भारतात या विषयाला एक वेगळी बाजू आहे. छत्तीसगडमधील भिलाई येथे पोलाद कारखान्याची वसाहत सेक्टरांत विभागलेली आहे. कारखान्याचे मुख्य रुग्णालय, जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र, सेक्टर 9 मध्ये आहे. दुर्ग जिल्ह्याचा कारभार 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चाले, आणि हावडा–मुंबई लोहमार्गाने हा भाग आजही विदर्भाशी जोडलेला आहे. त्यामुळे एका तपासणीसाठी भिलाई, पुढच्या मतासाठी रायपूर व नातलगांच्या आधाराने नागपूर असा प्रवास एखाद्या मराठी कुटुंबाला सहज घडू शकतो. अशा वेळी कोणते द्रव्य, किती मिलिलिटर, कोणत्या तारखेला दिले व त्यानंतर काही त्रास झाला का, ही माहिती अहवालावर लिहिलेली नसेल, तर पुढच्या केंद्राला ती कळण्याचा मार्ग उरत नाही.

छत्तीसगड व विदर्भ या दोन्ही भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा शुक्ला व सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1958 मध्ये प्रसिद्ध झाला होता. या विकारात पेशीतील पाणी कमी झाले की तिच्यातील सदोष हिमोग्लोबिन दाट होऊन पेशी विळ्यासारखी वाकते. म्हणून उच्च दाबाची जुनी द्रव्ये अशा रुग्णाला विशेष घातक मानली जात. आजच्या कमी दाबाच्या द्रव्यांबाबत तशी मनाई नाही, आणि केवळ सिकलसेल आहे म्हणून आवश्यक सीटी नाकारणे हा रुग्णावर अन्याय होय. मात्र रुग्ण पाण्यावाचून सुकलेला नसावा, ही अट उरतेच. मे महिन्याच्या उन्हात प्रवास करून आलेल्या किंवा भट्टीजवळची पाळी संपवून आलेल्या माणसाला ‘उपाशी या’ एवढेच सांगितले, तर तो पाणीही पीत नाही. अन्नाविषयी व पाण्याविषयी वेगवेगळी सूचना द्यावी, आणि ती रुग्णाच्या भाषेत द्यावी.

मूत्रपिंडाचे कार्य सामान्य असल्यास आयोडीनयुक्त द्रव्य 24 तासांत जवळजवळ पूर्णपणे लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज रक्तातील क्रिॲटिनिनवरून काढतात. तो मिनिटाला 30 मिलिलिटरपेक्षा कमी असेल, तर तपासणीपूर्वी व नंतर शिरेतून सलाइन देणे आणि पर्यायी तपासणीचा विचार करणे आवश्यक असते. छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा हे गाव मूत्रपिंडविकारासाठीच परिचित झाले आहे. अशा भागातून आलेल्या रुग्णाचे क्रिॲटिनिन पाहिल्याशिवाय सुई लावू नये. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी मूत्रपिंड सशक्त असल्यास बंद करण्याची गरज नसते. गाळण्याचा वेग 30 खाली असल्यास ती तपासणीच्या वेळी थांबवून 48 तासांनी, मूत्रपिंडाचे कार्य पुन्हा पाहून सुरू करतात.

टोचताना अंगभर येणारी ऊब व तोंडातील धातूसारखी चव निरुपद्रवी असतात. अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे, धाप लागणे, रक्तदाब कोसळणे या ॲलर्जीसदृश प्रतिक्रिया होत, आणि त्यांपैकी गंभीर प्रतिक्रिया बहुधा पहिल्या 20 मिनिटांत येतात. म्हणून सुई न काढता रुग्णाला निदान अर्धा तास थांबवून ठेवतात. जीवघेण्या प्रतिक्रियेवर पहिले औषध ॲड्रिनॅलिन हेच असून प्रौढाला त्याच्या 1:1000 द्रावणाचे अर्धा मिलिलिटर मांडीच्या बाहेरील स्नायूत देतात. स्टेरॉइडचा परिणाम सुरू व्हायला काही तास लागत असल्याने त्याच्या इंजेक्शनवर विसंबून ॲड्रिनॅलिन लांबवणे ही प्राणघातक चूक ठरते. पूर्वीची प्रतिक्रिया हा धोक्याचा सर्वांत स्पष्ट इशारा आहे. अशा रुग्णासाठी शक्यतो दुसरे द्रव्य निवडतात. कोळंबी किंवा खेकडे सोसत नाहीत म्हणजे आयोडीन सोसत नाही, हा समज मात्र निराधार आहे, कारण ती ॲलर्जी त्या प्राण्यांतील प्रथिनांची असते.

एका रुग्णासाठीची बाटली उरली म्हणून दुसऱ्याला वापरणे संसर्गाला आमंत्रण देते. द्रव्याचे नाव व देण्याचा मार्ग दोघांनी वाचून पडताळावा. शिरेसाठीचे आयनी द्रव्य चुकून पाठीच्या कण्याच्या पोकळीत गेल्यास मृत्यू ओढवू शकतो. स्तनपान थांबवण्याची आवश्यकता सहसा नसते, कारण दुधात उतरणारा अंश मात्रेच्या एक टक्क्याहून कमी असतो.

गॅडोलिनियम मुक्त स्वरूपात विषारी असल्याने ते दुसऱ्या रेणूच्या पकडीत बांधून देतात. पकड सैल असलेली रेषीय संयुगे आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत कातडी व अवयव ताठरवणारा विकार यांचा संबंध 2006 मध्ये उघड झाला. युरोपीय औषध संस्थेने 2017 मध्ये बहुतेक रेषीय संयुगांचा शिरेवाटे होणारा वापर थांबवण्याचा निर्णय दिला. घट्ट पकडीची वलयाकार संयुगे पसंत करावीत.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे होते. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. कॉन्ट्रास्टनंतर झालेला त्रास डॉक्टरांप्रमाणेच रुग्ण किंवा नातेवाईकही 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतात, आणि त्यासाठीचा रुग्णांचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे.