ल्यूपसजन्य मूत्रपिंडदाह : औषधचाचणीतील सहभाग

ल्यूपस म्हणजेच एसएलई या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. तिचा मारा मूत्रपिंडाच्या गाळण्यांवर झाला की लघवीला फेस येतो, पायांवर सूज चढते, रक्तदाब वाढतो. रुग्णांत तरुण स्त्रियाच बहुसंख्य असतात. या आजारावरचे उपचार चाचण्यांतून ठरतात, आणि त्या चाचण्यांत आपल्याकडच्या बायका नसतील, तर त्यांच्यासाठीचा डोस दुसऱ्यांच्या शरीरावरून ठरतो. हा धोका खरा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ३७० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मायकोफिनोलेट आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे एकूणात सारखी ठरली. पण वंश आणि प्रदेश पाहता गुण सारखा नव्हता. दर पंधरा दिवसांनी ५०० मिलिग्रॅम, असे सायक्लोफॉस्फमाइडचे सहा डोस देण्याची पद्धत २००२ मध्ये युरोपातल्या चाचणीतून आली. ती आपल्याकडे चालेल का, हे चंदीगडच्या पीजीआय या रुग्णालयाने १०० रुग्णांवर तपासले. २०१६ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की २४ आठवड्यांअखेर ही पद्धत मायकोफिनोलेटच्या तोडीची ठरली. सायक्लोफॉस्फमाइड स्वस्त आहे, म्हणून या १०० जणांचे ऋण पुढच्या कित्येक घरांवर आहे.

मुंबईजवळच्या अंबरनाथ पूर्वेतून अशा चाचणीत जायचे, तर पहिली अडचण अंतराची. मुंबईचे सीएसएमटी स्थानक रेल्वेने सुमारे ६० किलोमीटर, आणि मूत्रपिंड व संधिवात या दोन्हींचे तज्ज्ञ जिथे एकत्र असतात अशी मोठी रुग्णालये बहुतेक त्याच बाजूला. बेलिमुमॅब या नव्या औषधाच्या ४४८ रुग्णांच्या चाचणीत सुरुवातीचे डोस झाल्यावर दर २८ दिवसांनी शिरेतून औषध, असे १०४ आठवडे चालले. दोन वर्षे दर महिन्याला एक खाडा, सोबतीला घरातला एक माणूस, आणि चोवीस तासांची लघवी तपासायची असेल तर ती साठवलेला कॅन सांभाळत सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढणे! बाई चाचणी अर्ध्यात सोडते तेव्हा तिला गांभीर्य नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्याची मुभा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांत आहे. ती रक्कम वेळेवर हातात पडली, तरच सहभाग टिकतो. अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. उद्या निदान रक्त-लघवीच्या तपासण्या तिथे झाल्या, तरी काही फेऱ्या वाचतील.

‘आमच्यावर प्रयोग करतात’ हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. देशात निष्काळजी चाचण्या झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पुढे औषधचाचण्यांसाठी २०१९ चे नवे नियम आले. त्यांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, आणि रुग्णाला कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. नियम कागदावरच राहतात, असे कुणी म्हणेल. म्हणून तर कागद वाचणारा रुग्ण हवा. दुसरी भीती डमी औषधाची. बेलिमुमॅबच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांना नेहमीचे उपचार चालूच होते. नवे औषध किंवा डमी त्यावर जास्तीचे होते. दोन वर्षांनी गुण आला तो नव्या औषधाच्या गटात ४३ टक्क्यांना, दुसऱ्या गटात ३२ टक्क्यांना. म्हणजे डमी मिळालेली रुग्ण वाऱ्यावर सोडलेली नव्हती, आणि नवे औषध म्हणजे हमखास गुण असेही नव्हते. सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न गर्भधारणेचा. मायकोफिनोलेट गर्भाला घातक आहे, सायक्लोफॉस्फमाइड बीजकोशांना इजा करू शकते, आणि अशा चाचण्यांत गर्भनिरोधनाची अट असते. नुकतेच लग्न झालेल्या मुलीला हे सासूच्या देखत विचारून उपयोग नाही; ती बोलणी तिच्याशी एकटीशी, मराठीत आणि सावकाश व्हायला हवीत.

सही करण्यापूर्वी संमतिपत्रावर सीटीआरआयचा, म्हणजे देशाच्या चाचणी-नोंदवहीचा क्रमांक आणि नैतिकता समितीचा संपर्क पाहावा. सही झालेल्या पत्राची प्रत रुग्णाला देणे बंधनकारक आहे. ती मागून घ्यावी आणि रिपोर्टांच्या फाइलीत सर्वांत वर ठेवावी.