आधार, पॅन, मतदार ओळखपत्रावरची लिंगनोंद कशी बदलते? कर्जत-खालापूरमध्ये कुठे जायचं?

कर्जतहून मुंबईला थेट लोकल आहे. पण ट्रान्स व्यक्तीला लागणारा सर्वांत महत्त्वाचा कागद उलट्या दिशेला, अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो. हा कागद म्हणजे ओळख प्रमाणपत्र. कर्जत किंवा खालापूरच्या तहसीलमधून ते दिलं जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. त्यानंतर २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम आले. २०२० च्या या नियमांनुसार अर्जासोबत स्वतःच्या ओळखीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं आणि त्यासाठी शारीरिक तपासणीची अट नव्हती. नोव्हेंबर २०२० पासून केंद्राच्या ‘नॅशनल पोर्टल फॉर ट्रान्सजेंडर पर्सन्स’वर घरबसल्या अर्ज करता येतो, प्रमाणपत्रही तिथूनच डाउनलोड होतं. खोपोली-पेण मार्गे अलिबागची एसटी पकडण्याची वेळ त्यामुळे सहसा येऊ नये. नियम बदलू शकतात, म्हणून अर्जाआधी पोर्टलवरच्या ताज्या सूचना नक्की वाचा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. कायद्यातली प्रमाणपत्रं दोन आहेत. कलम ६ च्या पहिल्या प्रमाणपत्रावर ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद असते. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर कलम ७ खाली सुधारित प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेबाबत रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. म्हणजे ‘तुम्ही स्वतः सांगाल ती ओळख’ हे तत्त्व २०१९ च्या मूळ कायद्यातही पहिल्या टप्प्यापुरतंच होतं. कायद्यावर सर्वाधिक टीका झाली ती यावरच, आणि ती रास्त आहे.

कागदावरच्या एका शब्दाने काय अडतं? जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली गुरू संजना जान यांचं उदाहरण घ्या. ग्रामपंचायत निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवर भरलेला त्यांचा अर्ज तृतीयपंथी म्हणून फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. त्या लढल्या आणि निवडूनही आल्या.

प्रमाणपत्र हाती आलं की पुढची धावपळ बरीचशी गावातच होते. आधार केंद्रात आधी जावं, कारण बाकीचे बहुतेक ठिकाणी आधारच मागतात. मात्र आधारवर लिंगनोंद एकदाच बदलता येते, तेव्हा कलम ७ चा विचार असेल तर घाई नको. मतदार यादीसाठी फॉर्म ८. रेशनकार्डासाठी तहसीलची पुरवठा शाखा. पॅनच्या अर्जात ‘ट्रान्सजेंडर’ हा पर्याय २०१८ पासून आहे. जन्मदाखला जिथे जन्माची नोंद झाली तिथलाच, मग ती ग्रामपंचायत असो की खोपोली नगरपरिषद.

नियमांप्रमाणे, अर्ज आल्यावर संबंधित कार्यालयाने १५ दिवसांत नाव, लिंग किंवा फोटो बदलून द्यायचा असतो. ‘असा फॉर्मच नाही’ असं खिडकीवर ऐकावं लागलं, तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. प्रमाणपत्रच नाकारलं गेलं, तर कळवल्यापासून ९० दिवसांत अपील करता येतं.

कायदा लागू होण्याआधीच ज्यांनी सरकारी कागदांवर लिंगनोंद बदलून घेतली आहे, त्यांना २०२० च्या नियमांनुसार नव्याने अर्ज करावा लागत नाही.